अनुभव धागा: घनता कशी मोजता? (नागपूरकरांनो, आकड्यांसकट लिहा)

वस्तुमान भागिले आकारमान, हे सूत्र सगळ्यांना पाठ आहे. वजन काटा सांगतो. घोळ होतो तो आकारमानात. तुमची कृती लिहा, कुठे फसते तेही लिहा.

खडूफळा
100 मिलीच्या मोजपात्रावर एकेक मिलीच्या रेघा असतात. त्यात 5 मिलीचा खडा बुडवला की एका रेघेची चूक म्हणजे थेट 20 टक्के. खडा मोठा घ्या, नाहीतर एकसारखे दहा नट एकदम सोडा. वाचन पाण्याच्या वक्र पृष्ठाच्या तळाशी, डोळा रेघेच्या पातळीत. वरून टपकन टाकू नका. उडालेले थेंब काचेला चिकटले की आकारमान कमी दिसतं आणि घनता फुगते.

चिमटीभर
लहान वस्तूला मोजपात्र नकोच, आकारमानही काट्यावरच काढा. 0.01 ग्रॅमचा पॉकेट काटा घ्या. आधी वस्तू कोरडी तोला. मग पाण्याचा छोटा पेला काट्यावर ठेवून टेअर (आकडा शून्य करणारं बटण) दाबा. बारीक नायलॉनच्या दोऱ्याने वस्तू पूर्ण बुडवा, पण अधांतरी धरा. येणारा आकडा म्हणजे तिने सारलेल्या पाण्याचं वजन. जितके ग्रॅम, जवळपास तितके मिली. वस्तू तळाला टेकली तर काटा तिचंही वजन धरतो आणि सगळं गणित बोंबलतं.

22 कॅरेटच्या 10 ग्रॅमच्या भरीव वेढ्याला 0.56 च्या आसपास आकडा येतो, म्हणजे घनता 10 भागिले 0.56, 17.9 ग्रॅम प्रति मिली. पण 0.01 इकडेतिकडे झालं तर उत्तर 17.5 ते 18.2 मध्ये कुठेही जातं. त्यामुळे एवढ्यावरून कॅरेट ठरवू नका. पितळ मात्र लगेच उघडं पडतं, त्याची घनता साडेआठच्या आसपास. इतवारीच्या सराफ्यातलं कॅरेटमीटर (सोन्याची शुद्धता दाखवणारं यंत्र) फक्त वरचा थर वाचतं, घनता आतलंही सांगते, तरी टंगस्टनपुढे तीही हरते (19.25, शुद्ध सोनं 19.3). पोकळ किंवा खडे जडवलेल्या दागिन्याला ही पद्धत चालत नाही.

महालवाला
भाऊ, बुडबुडे काहून विसरून राहिले? खाचेत अडकलेली हवाही पाणी सारते, म्हणजे आकारमान जास्त, घनता कमी. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एकच थेंब टाका, वस्तू दोनदा हलवा, मगच आकडा घ्या. दोरा जाड सुती नको, पाणी पितो.

मातीदगड
विटेला आणि सच्छिद्र दगडाला वेगळा नियम. कोरडा तुकडा टांगला की छिद्रांत पाणी शिरतं आणि काट्यावरचा आकडा हळूहळू उतरत राहतो. तो स्थिर होईल म्हणून वाट बघू नका. आधी कोरडं वजन घ्या, 24 तास भिजवा, ओल्या फडक्याने वरचं पाणी टिपा, मग टांगा. कोरडं वजन भागिले तो आकडा, ही छिद्रांसकटची घनता.

आपल्याकडचा घट्ट काळा बेसाल्ट 2.8 ते 3.0 देतो. 2.5 आला तर आत पोकळ्या आहेत, काटा बिघडलेला नाही. मनसरकडच्या मँगनीज खनिजाचा तुकडा हातालाच जड लागतो. शुद्ध ब्रॉनाइट (मँगनीजचं एक खनिज) 4.7 च्या पुढे, गारगोटी 2.65. आकडा मधे आला तर गार मिसळलेली आहे, किंवा तुकड्यात पोकळ्या आहेत.

खडूफळा
तापमानाचं राहिलं. मे महिन्यात गच्चीच्या टाकीतलं पाणी 40 अंशांचं धरलं तर त्याची घनता 0.992, माठातलं 25 अंशांचं 0.997. येणाऱ्या भागाकाराला या आकड्याने गुणा. शाळेच्या प्रयोगाला गरज नाही, सोन्यालाही काटाच आधी कमी पडतो. मोठ्या खनिजाच्या तुकड्याला मात्र करा.

संत्रासाल
तरंगणाऱ्या वस्तूला दोरा नको, बारीक सुईने पाण्याखाली दाबून धरा. बोट बुडवलं तर तेही मोजलं जातं. अख्खं संत्रं असंच मोजा. सालीखालच्या हवेमुळे उत्तर 1 च्या खालीच येईल.

खडीसाखर पाण्यात विरघळते, ती गोडेतेलात मोजा. आधी 100 मिली तेल तोलून त्याची घनता काढा, साधारण 0.92 येते. 10 ग्रॅम खड्याला आकडा 5.8 आला तर 10 भागिले 5.8, गुणिले 0.92, म्हणजे 1.59. गुणायचं विसरलात तर 1.72 येईल.