मोरियासु जपानात खरंच लोकप्रिय आहेत का? भाषणासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी दोन वर्षांपासून योकोहामात नोकरीला आहे. जपानी भाषेच्या वर्गात येत्या रविवारी आवडत्या व्यक्तीवर पाच मिनिटं बोलायचंय. मी फुटबॉल प्रशिक्षक हाजिमे मोरियासु निवडले. "ते जपानमध्ये फार लोकप्रिय आहेत" असं लिहून नेलं, तर सेन्सेईंनी (शिक्षिकांनी) 'निंकी', म्हणजे लोकप्रियता, या शब्दाखाली लाल रेघ मारून बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. व्याकरण बरोबर होतं. त्या म्हणाल्या, निंकी म्हणजे काझू मिउरा, नाकाता यांच्यासारखे फुटबॉलपटू. मोरियासुंचं तसं नाही.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय. या माणसाने हिरोशिमाच्या सानफ्रेच्चे क्लबला २०१२, २०१३ आणि २०१५ अशी तीनदा जे-लीग, म्हणजे जपानची मुख्य फुटबॉल लीग, जिंकून दिली. २०१८ मध्ये राष्ट्रीय संघ हाती घेतला. २०२२ च्या विश्वचषकात जर्मनी आणि स्पेन, दोघांनाही २-१ ने हरवलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ०-२ ने मागे असताना ब्राझीलला ३-२ ने नमवलं, ब्राझीलवरचा जपानचा पहिलाच विजय. आणखी काय करायला हवं?

पण २०२१ मध्ये पात्रता फेरीत ओमान आणि सौदीकडून संघ हरला, तेव्हा यांना काढा म्हणून केवढा गदारोळ झाला होता. ऑफिसातले सहकारी आजही त्यांच्याबद्दल आदराने बोलतात, पण काझूचं नाव काढलं की चेहरा खुलतो तसा खुलत नाही.

मला वाटतं याचं मूळ ते खेळायचे त्या जागेत आहे. ते 'बोरान्ची', म्हणजे बचावफळीच्या पुढे उभं राहून चेंडू हिसकावणारे. जपानकडून ३५ सामन्यांत एकच गोल.  

मला ते आवडतात ते कतारमधल्या दोहामुळे. २८ ऑक्टोबर १९९३ ला इराकने भरपाई वेळेत २-२ अशी बरोबरी केली आणि जपानची विश्वचषकाची वारी हुकली, तेव्हा ते मैदानात होते. २९ वर्षांनी त्याच शहरात स्पेनविरुद्ध शेवटची मिनिटं चालू असताना आपल्याला ती रात्र आठवली, असं त्यांनी नंतर सांगितलं. पुढे क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरल्यावर प्रेक्षकांसमोर कंबरेत वाकून कितीतरी वेळ उभे राहिले. तो फोटो माझ्या टेबलाशी लावलाय.

तर विचारायचंय ते असं. हिरोशिमा, नागासाकी किंवा सेंदाईत राहिलेलं कुणी आहे का इथे? नागासाकीत ते वाढले, सेंदाईकडून शेवटचे खेळले. तिथे लोक त्यांच्याबद्दल जवळच्या माणसासारखं बोलतात का? आणि 'निंकी'ऐवजी 'शिनराई', म्हणजे विश्वास, हा शब्द घेऊन वाक्य नव्याने बांधलं तर जपानी कानाला खटकेल का? मला त्यांचा मान कमी न करता खरं बोलायचंय. शुक्रवारी रात्री कच्चं लिखाण पक्कं करणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.