‘तारा जळाल्या’ म्हणून माणसाला निकालात काढू नका

मधली_बहीण: काल इथे एकांनी लिहिलं, ‘स्किझोफ्रेनियात मेंदूच्या तारा जळतात, पांढऱ्या द्रव्यावर, म्हणजे मेंदूचे भाग जोडणाऱ्या तंतूंवर, संशोधन झालंय. पेशंटकडून नोकरीबिकरीची आशा सोडा, खात्री हवी तर एमआरआय काढा.’ रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. माझा भाऊ १९ वर्षं आजारी आहे आणि घरातला दुधा-किराण्याचा हिशेब तोच ठेवतो.

ज्या संशोधनाचा दाखला देता, ते नीट वाचा की! २०१८चा एनिग्मा या अनेक देशांतले मेंदूचे स्कॅन एकत्र तपासणाऱ्या गटाचा अभ्यास, १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी माणसं. तंतूंच्या दिशेने पाण्याचे रेणू किती सरळ सरकतात ते मोजलं. रुग्णांची सरासरी कमी आली, खरंय. पण फरक साधारण ०.४ प्रमाण विचलनाचा. म्हणजे तिघांतला एक रुग्ण निरोगी लोकांच्या सरासरीच्या वर असतो! त्यावरून एकेकाचं भविष्य सांगणार? आणि आकडा कमी म्हणजे तार जळाली असंही नाही. मायलिन (तंतूंवरचं आवरण), तंतूंची ठेवण, स्कॅनमध्ये डोकं हलणं, कशानेही तो उतरतो.

वाडा_नंबर_७: ते लिहिणारा मीच. ताई, माझ्या मुलाला आठ वर्षं सगळे ‘आळशी’ म्हणायचे. मीही म्हणालो, हातही उगारला. मग एका डॉक्टरांनी कागदावर रेघा मारून दाखवलं की निरोप उशिरा पोचतो. त्या दिवसापासून त्याच्या काकाचे टोमणे थांबले. ज्या शब्दांनी तुमची झोप उडाली त्यांनीच माझ्या घरात शांतता आली. पांढरं द्रव्य आणि विचारांचा वेग यांचा संबंधही अभ्यासांत दिसलाय, तो का गाळलात?

मधली_बहीण: वेगाचं मान्य. अंक आणि चिन्हं जुळवायच्या चाचणीत भाऊही मागे पडतो. पण ‘उशिरा पोचतो’ आणि ‘जळालं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही दुसरं लिहिलंत.

तळ्याकाठी: द्रव्य राहू द्या, आधी गोळ्यांची यादी बघा. माझ्या मावशीला आजाराच्या गोळ्यांनी हात थरथरतात म्हणून ट्रायहेक्सीफेनिडिल सुरू केली, ती ११ वर्षं चालूच. ही गोळी मेंदूतलं निरोप नेणारं रसायन अ‍ॅसिटिलकोलीन अडवते, स्मरणशक्तीवर परिणाम होतो. मावशी गॅसवर दूध ठेवून विसरायची आणि आम्ही म्हणायचो, आजारच तसा. शेवटी नव्या डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. सहा महिन्यांनी तिने भाचीच्या मुलाचं बारसं, तारीख, जेवणातले पदार्थ, सगळं सांगितलं. अकरा वर्षं कुणी विचारलं नाही, ‘ही अजून हवी का?’ याचा राग कुणाला येत नाही?

रात्रपाळी: मला येतो, पण तुमच्या लिहिण्याचा! मी मनोरुग्ण वॉर्डात १४ वर्षं नर्स आहे. असं कुठेतरी वाचून लोक गोळ्या फेकतात. एका मुलाने सगळ्याच बंद केल्या, दोन महिन्यांत दोरीने बांधून आणला होता. आजाराच्या औषधाने जबडा आखडलेला माणूस कधी पाहिलाय? तेव्हा तुमच्या त्या गोळीच्याच जातकुळीतलं औषध कामाला येतं.

तळ्याकाठी: ‘हळूहळू’, ‘डॉक्टरांनी’ असं लिहिलंय मी. वाचायचं नसेल तर ओरडू तरी नका.

रात्रपाळी: वाचलं. आता ऐका. ज्यांना थरथर उरलेली नाही त्यांची ही गोळी वर्षानुवर्षं कुणी तपासत नाही, हे मीही पाहिलंय. एवढं देते तुम्हाला. पण पहिल्या ओळीतच लिहा ना, ‘स्वतःहून बंद करू नका’.

तळ्याकाठी: लिहिते.

वाडा_नंबर_७: मुलाच्या यादीत आहे ही गोळी. पाच वर्षं. मला वाटायचं, डोकं चालत नाही ते तारांमुळेच. परवा डॉक्टरांना विचारतो. बहीणबाई, ‘जळाल्या’ मागे घेतो. पण ‘आळशी’ म्हणणाऱ्यांना गप्प करायला मला दुसरा शब्द द्या.

मधली_बहीण: आम्ही म्हणतो, ‘त्याला दोन मिनिटं जास्त दे.’ दुकानदारसुद्धा देतो आता.