तीन महिने नाशिकला, गाडी कॅनडात एडमंटनच्या उघड्या पार्किंगमध्ये. बॅटरीचं काय करू?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. १२ डिसेंबरला नाशिकला निघतेय, भाचीचं लग्न आहे. परत येईन ५ मार्चला. गाडी २०१७ ची साधी सेडान, बॅटरी याच वर्षी मार्चमध्ये नवी घातलेली. नवी का घालावी लागली ते सांगते, म्हणजे प्रश्न कळेल.

गेल्या हिवाळ्यातही अशीच गेले होते. परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाले, बाहेर उणे २७. रिमोट दाबला तर ढिम्म. किल्लीने दार उघडलं, आतला दिवासुद्धा लागला नाही. शेजारचे काका जंपर केबल घेऊन आले, बॉनेट उघडलं आणि केबल हातात धरून तसेच उभे राहिले. बॅटरीचं पोट फुगलेलं, कडेला बारीक भेग, आत सगळा बर्फ. "हिला जंप द्यायचा नाही, फुटेल," म्हणाले आणि केबल गुंडाळून ठेवली. (दूध शेवटी त्यांच्याकडूनच घेतलं.)

यंदा मैत्रीण म्हणतेय, दर रविवारी येऊन दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवीन. तेवढं पुरेल ना?

दहाचा पाना:
मैत्रिणीला चहाला बोलवा, पण किल्ली देऊ नका.

थंडगार इंजिन फिरवायला स्टार्टर जेवढं ओढतो, तेवढं दहा मिनिटं जागच्या जागी घरघर करून भरून निघत नाही. त्यात ती बिचारी आत बसून हीटर, सीट आणि मागच्या काचेची जाळी चालू करणारच. इंजिन धड तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, ऑइलमध्ये ओल राहते.

आता हिशेब बघा. बंद गाडीसुद्धा अलार्म, घड्याळ आणि रिमोटच्या रिसीव्हरला वीज पाजत असते. ५० मिलिअँपिअर धरा. दिवसाला १.२ अँपिअर-अवर. ६० अँपिअर-अवरची बॅटरी ५० दिवसांत कोरडी, आणि तुम्ही जाताय ८३ दिवस. उतरलेल्या बॅटरीतलं आम्ल जवळजवळ पाणीच होतं, ते उणे १० च्या आसपास गोठतं. तीच बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उणे ५० लाही गोठत नाही. म्हणजे तुमची आधी उपाशी मेली, मग गोठली.

उपाय फुकट आहे. निघण्याआधी चार्जरवर पूर्ण भरा, चार्जर काढून रात्रभर राहू द्या, मग मीटर लावा (चार्जर काढल्या काढल्या लावलेलं मीटर खोटं बोलतं). १२.६ व्होल्टच्या वर हवं. मग दहा मिलिमीटरच्या पान्याने निगेटिव्ह टोक सोडवा. आधी निगेटिव्हच, कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की ठिणग्या उडतात. सुटलेल्या वायरीवर जुना मोजा चढवा. बॅटरी उचलून घरात आणायची गरज नाही, सुटी बॅटरी उबेत जास्त उतरते, थंडीत कमी.

कॅल्गरीचा काका:
पान्याशी सहमत, पण तुमच्या पार्किंगमध्ये ब्लॉक हीटरचा (थंडीत इंजिन उबदार ठेवणारा विजेचा हीटर) प्लग असेल तर बॅटरी मेंटेनर लावून मोकळ्या व्हा. बॅटरी भरली की तो स्वतःच व्होल्टेज खाली आणतो आणि नुसता राखण करत बसतो. माळ्यावरचा जुना, न थांबणारा चार्जर मात्र लावू नका, आतलं पाणी आटवून टाकेल. बॅटरी एजीएम (आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेली) असेल तर मेंटेनरवर तो मोड निवडा.

एक गोष्ट तपासा. इकडे कित्येक इमारतींत ते प्लग टायमरवर किंवा तापमानावर चालतात. टेबललँप लावून तास-दोन तास बघा. आणि सोलर पॅनल कोणी सुचवलं तर हसून सोडून द्या. डिसेंबरात तुमच्याकडे दिवस साडेसात तासांचा, आणि पॅनलवर बर्फ.

मिनेसोटाची सून:
माझ्या गाडीत बॅटरी डिकीत आहे. गेल्या वर्षी निगेटिव्ह काढली आणि सवयीने डिकी धाडकन लावली. डिकीचं कुलूप विजेवर! परत आल्यावर सहा फुटी नवरा मागची सीट पाडून आत सरपटत गेला, अजून ऐकवतो. तेव्हा आधी बघा बॅटरी कुठे आहे. रिमोटमधली धातूची किल्लीही काढून जवळ ठेवा.

गोदाकाठची:
बॅटरी पुढेच आहे, देवाची कृपा. प्लग बघितला, रात्रीच चालू होतो आणि कधी कधी तेव्हाही नाही. म्हणून पान्याचाच मार्ग. आज मीटर १२.४१ दाखवतंय. म्हणजे भरलेली नव्हतीच, रोजचं जाणं-येणं चार किलोमीटरचं. शेजारच्या काकांकडून चार्जर आणलाय.

गोदाकाठची (६ मार्च):
काल आले. उणे १९. मीटर १२.५८, निगेटिव्ह लावली, पहिल्या झटक्यात गाडी सुरू. घड्याळात बारा वाजलेले, रेडिओची स्टेशनं पुसलेली, ड्रायव्हरची काच एका दाबात वर जाईना. पण खरी मजा रस्त्यावर आली. टायर एकाच जागी बसून खालून चपटे झाले होते, पहिले पाचसहा किलोमीटर बैलगाडीसारखं धडधड धडधड. मैत्रीण शेजारी बसली होती, तिला वाटलं चाक निखळतंय. "मला रविवारी येऊ दिलं असतंस तर," म्हणाली.