मदत हवी आहे: बरका फणस झाडावरून नेमका कधी उतरवायचा?

मंडळी, आम्ही खानापूर तालुक्यातले. परसातल्या फणसाला यंदा बुंध्यापासून वरपर्यंत फळं लागलीत. झाड बरक्याचं, म्हणजे मऊ गऱ्यांचं. कापा, म्हणजे घट्ट गऱ्यांचा असता तर एवढी घाई नव्हती, पण आता पाऊस लागलाय आणि वरचे दोन फणस झाडावरच फुटून खाली रबडा झाला. वास थेट रस्त्यापर्यंत, माश्या वेगळ्याच.

काटे बोथट होऊन एकमेकांपासून लांब होतात, देठाजवळचं पान पिवळं पडतं, ठोकल्यावर डबडब आवाज येतो, हे सगळं माहीत आहे. सासरे नुसतं बोटाने टिचकी मारून सांगतात. मला मेलं सगळ्यांचा आवाज सारखाच वाटतो! वरच्या फळांना तर हातच पोचत नाही. तिथे खालून काय बघून ठरवायचं? दोर बांधून उतरवणारा गडी एकदाच येतो, म्हणून थोडे आधी काढले तर घरात नीट पिकतील का? की कोवळा निघाला तर भाजीच करायची?

दुसरं, चिकाला हाताला आणि विळीला खोबरेल लावतो, तरी विळीचं पातं चिकटतंच. ते साफ कशाने करता?

गरे बुळबुळीत म्हणून पोरं तोंड फिरवतात. रस चाळणीवर घासून काढला की सांदणं होतील, पण उरलेला रस फ्रीजरमध्ये टिकतो का? आणि फ्रीजमधल्या दुधाला त्याचा वास लागू नये म्हणून काय करता?

आठळ्यांची काळजी नाही, त्या चुलीत भाजून संपतात.