दमदार सुरुवात आणि रेंगाळणारा उत्तरार्ध: ‘झुंड’च्या निमित्ताने

धरमपेठेतला प्रेक्षक
नमस्कार. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) नुकताच पुन्हा पाहिला. पावसात प्लॅस्टिकचा डबा फुटबॉलसारखा लाथाडणारी मुले, त्यांच्याकडे थबकून पाहणारे अमिताभ बच्चन आणि भिंतीपलीकडच्या कॉलेजच्या संघाशी रंगलेला सामना, इथपर्यंत चित्रपट खिळवून ठेवतो. पुढे मात्र परदेशातल्या फुटबॉल स्पर्धेला जाण्यासाठी पासपोर्ट, पोलीस पडताळणी, विमानतळ अशी एकेक अडचण सुटेपर्यंत जवळपास तीन तास होतात. आपल्या नागपूरची गोष्ट म्हणून तो मला फार जवळचा आहे. त्यामुळेच रुखरुख लागते. असे का होत असावे? असे आणखी कोणते चित्रपट आठवतात?

पटकथेचा विद्यार्थी
ज्या प्रश्नाने प्रेक्षकाला धरून ठेवलेले असते, त्याचे उत्तर मध्यंतराच्या आसपासच मिळून जाते, हे मला मुख्य कारण वाटते. ‘ही मुले कॉलेजच्या संघापुढे टिकतील का?’ हा प्रश्न सुटला की उत्तरार्धाला नवा प्रश्न मुळापासून उभा करावा लागतो. ‘हॅनकॉक’ (२००८) या चित्रपटात तर गोष्टच बदलते. लोकांना नकोसा झालेला दारुडा महानायक सुधारेल का, या झकास कल्पनेवर तो सुरू होतो आणि मध्येच नायकाच्या हितचिंतकाची पत्नीही तशीच शक्तिमान निघते. त्यानंतर पहिल्या प्रश्नाची कुणालाच फिकीर उरत नाही.

वर्धा रोड
‘झुंड’बाबत मी असहमत आहे. रिंकू राजगुरू यांची मोनिका आणि तिचे वडील ओळखीच्या कागदपत्रांसाठी दारोदार फिरतात, तो भाग संथ आहे, कारण गरिबाचे काम सरकारदरबारी तसेच खोळंबते. ‘सैराट’च्या (२०१६) उत्तरार्धाबद्दलही हीच तक्रार ऐकली होती, पण हैदराबादमधला तो रोजचा संसार सावकाश पाहिलेला नसता, तर शेवट इतका जिव्हारी लागला नसता.

जुना सिनेरसिक
‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’ (१९९८) हे नाव घ्यायलाच हवे. दफनभूमीतल्या छोट्या प्रसंगानंतर ओमाहा किनाऱ्यावरचे वीसहून अधिक मिनिटांचे युद्ध येते आणि पुढची शोधमोहीम, चांगली असूनही, त्यापुढे फिकी पडते.

धरमपेठेतला प्रेक्षक
मोनिकाचा मुद्दा पटला. तो भाग कापू नये. मात्र इतर मुलांच्या पासपोर्टचे प्रसंग थोडे आटोपशीर असते, तर तिची वणवण अधिक ठसली असती, असे अजूनही वाटते.