सड्यावरून (वरच्या कातळी पठारावरून) वणवा उतरला तर वाडी कधी आणि कुठून रिकामी करायची?

पाखाडी (राजापूर तालुका):
वाडीत २२ घरं, बहुतेक माणसं साठीच्या पुढची. वर सडा, गुडघाभर वाळलेलं गवत. मध्ये काजूची बाग. गाडीरस्ता एकच, तोही सड्यावरून. खाली पाखाडी (पायऱ्यांची पायवाट), ती व्हाळ (ओढा) ओलांडून खाडीकडे जाते. निघायची खूण काय धरावी? गुरांचं काय करायचं?

सडेकरी:
गाडीरस्ता विसरा. धुरात वळण दिसत नाही आणि एक गाडी अडली की मागच्या सगळ्या अडकतात. पाखाडीच तुमची वाट, तिच्या दोन्ही बाजूंचं गवत आत्ताच सोलून ठेवा.

ज्वाळा दिसल्यावर निघायचं, असं ठरवू नका. सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या माणसाला खाडीपर्यंत किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. उचलून न्यायचं माणूस असेल तर खुर्ची आणि चार जण धरून मोजा. आलेल्या वेळेची दुप्पट करा आणि आग तेवढी लांब असतानाच निघता येईल अशी सड्यावरची एखादी खूण पक्की करा: गडगा (दगडी बांध), वडाचं झाड, काहीही.

वारा बघा. सडा पश्चिमेला असेल तर दुपारचा खारा वारा आग तुमच्यावरच ढकलतो. पूर्वेला असेल तर रात्री मतलई (जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा) सुटल्यावर धोका. आग उतारावर सावकाश येते म्हणून निर्धास्त राहू नका. पेटलेले ओंडके गडगडत खाली येतात आणि तिथून ती पुन्हा वर धावते. म्हणूनच व्हाळात थांबायचं नाही. घळीत धूर कोंडतो आणि आग धुराड्यासारखी ओढली जाते.

काजूबाग:
बागेतला पाचोळा मातीपर्यंत ओढून काढा, खालच्या फांद्या माणसाच्या उंचीपर्यंत छाटा. बीच्या टरफलात तेल असतं, पडलेल्या बिया गोळा केल्याच पाहिजेत. सड्याच्या बाजूने १५ ते २० फुटांची जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) काढा. गवत नुसतं कापून तिथेच टाकलं तर उपयोग शून्य, ते उचला. जाळून रेषा काढायचीच असेल तर वनविभागाला कळवून, पहाटे दव असताना, माणसं आणि पाणी हाताशी ठेवून.

घरं बहुधा ठिणग्यांनी पेटतात: पन्हाळीतला पाला, कौलांखालचा कचरा, झापांचा मांडव, गोठ्याला टेकलेली पेंढ्याची उडवी. उडवी आधी हलवा.

गोठा:
गुरं आधी, माणसांच्या बरोबर नाही. वेळ असेल तर खाडीकडे हाका. नसेल तर दावी सोडा, बेडं (फाटक) उघडं टाका. नायलॉनची दावी गळ्यात ठेवू नका, वितळून कातडीला चिकटतात. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. निघताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच खाली. मेन पाडला की पंप नाही, म्हणून टाकी रोज संध्याकाळी भरलेली हवी. फोन: ११२, अग्निशमन १०१, वनविभाग १९२६, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७.

पाखाडी:
तरणी मुलं विझवायला थांबतो म्हणतात.

सडेकरी:
ज्वाळा गुडघ्याच्या खाली असेल तरच. ओले टहाळे घेऊन, जळून काळ्या झालेल्या जागेत पाय ठेवून बाजूने झोडपायचं. आगीच्या तोंडासमोर, चढावर, कधीही उभं राहायचं नाही. विझल्यावर दोन दिवस पाळी लावा. खुंट आणि वाळलं शेण आतून धुमसत राहतं आणि दुसऱ्या दुपारी वारा सुटला की पुन्हा पेटतं.