फॉर्म्युला वनचं पहिलं किट कोणतं घ्यावं? (१/२०, एअरब्रश नाही, बजेट ६,०००)

शिकाऊ_रेसर
नमस्कार मंडळी. १/७२ ची विमानं बरीच केली आहेत, गाडी एकही नाही. तामियाची १/२० मधली (खऱ्या गाडीच्या एक-विसांश आकाराची, प्लास्टिकचे भाग जोडून करायची) तीन किट्स डोक्यात आहेत: मॅकलारेन एमपी४/४ (१९८८), लोटस ७९ (१९७८) आणि सहा चाकांची टिरेल पी३४ (१९७६). किट, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) सगळं धरून ६,००० रुपये. निपर, चाकू, सँडपेपर आहेत. एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेने रंग फवारणारं पेन) नाही आणि घ्यायचाही नाही, स्प्रे कॅनवरच भागवायचं आहे. राहायला ठाण्यात, काम बाल्कनीत. प्रश्न दोनच: तिन्हीपैकी कोणतं? आणि कॅनने चकचकीत फिनिश येतं का? विमानं सगळी मॅट होती. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लाल_दिवा
एमपी४/४. विषय संपला. १६ पैकी १५ शर्यती जिंकलेली गाडी सोडून दुसरं काय घेणार? मागचं कव्हर निघतं आणि आत होंडाचं व्ही६ टर्बो दिसतं. फक्त लाल रंग साधा घेऊ नका, फ्लुओरेसंट लागतो (तामियाचा स्प्रे कॅन टीएस-३६). तो पांढऱ्यावरच मारायचा. करड्या प्रायमरवर (रंगाखालच्या पहिल्या थरावर) विटकरी दिसतो. वाळल्यावर मॅट होतो, म्हणजे क्लिअर आलंच. हल्ली डब्यात तंबाखूच्या कंपनीची अक्षरं मिळत नाहीत, ती डिकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) वेगळी मागवावी लागतील.

कॉम्प्रेसर_काका
आधी कॉम्प्रेसर घ्या. तीन लिटरची टाकी असलेला, सोबत मॉइश्चर ट्रॅप आणि ०.३ मिमी नोझलचा ड्युअल अ‍ॅक्शन एअरब्रश. १५ ते २० पीएसआय दाबावर लॅकर (पटकन वाळणारा, उग्र सॉल्व्हंटचा रंग) मारा, कॅनकडे परत बघणार नाही. माझा सेट अजून ठणठणीत आहे. किट काय, कधीही घेता येतं.

शिकाऊ_रेसर
काका, एअरब्रश नको असं वरच लिहिलंय :) बजेटही.

कॉम्प्रेसर_काका
बजेट वाढवा. दोनदा खर्च करण्यापेक्षा एकदाच करावा.

रंगारीण
मूळ प्रश्नाचं उत्तर राहिलंच आहे, म्हणून सविस्तर लिहिते. कॅनने चकचकीत फिनिश नक्की येतं. सगळा खेळ थरांच्या क्रमाचा आणि थांबण्याचा आहे.

बॉडीचे भाग आधी भांड्याच्या साबणाने कोमट पाण्यात धुवा, साच्याचं तेल राहिलं तर रंग तिथून सुटतो. जोड ४००, ८००, १००० ने घासा. मग पांढरा फाइन सरफेस प्रायमर, दोन पातळ हात. खरखर लागली तर १५०० ने पाण्यात हलकंसं.

रंगाच्या आधी कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. हाताला सोसवेल इतकंच गरम, गॅसवर चुकूनही नाही. दाब वाढतो आणि फवारा बारीक होतो. अंतर १५ ते २० सेंमी. फवारा भागाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा. भागावर बटण दाबलंत तर पहिला थेंब तिथेच बसतो. पहिला हात नुसता शिंतोडा, खालचा पांढरा दिसला पाहिजे. पंधरा मिनिटांनी दुसरा. तिसरा ओला. विंगच्या आणि एंडप्लेटच्या (विंगच्या टोकाच्या उभ्या पट्टीच्या) कडांना आधी रंग द्या, कारण धारदार कडेवरून रंग मागे ओढला जातो आणि तिथेच प्लास्टिक उघडं पडतं.

रात्रभर वाळू द्या, मग डिकल्स. डिकल्सनंतर पूर्ण एक दिवस थांबून ओल्या कापसाने गोंदाचे डाग पुसा, नाहीतर ते क्लिअरखाली कायमचे राहतात. क्लिअरचे (टीएस-१३) पहिले दोन हात २५ सेंमीवरून धुक्यासारखे. इथेच बहुतेकांचं बिनसतं: लॅकर क्लिअर पहिल्याच हाताला ओलं मारलं की त्यातला सॉल्व्हंट डिकलमध्ये शिरतो आणि डिकल सुरकुततं. आधीचा कोरडा थर बसला की मग दोन ओले हात. आठवडाभर हात लावू नका. नाकाजवळ धरून वास येत असेल तर अजून वाळलेलं नाही. नंतर २०००, ३००० पाण्यात आणि पॉलिशचं कंपाउंड कोर्स, फाइन, फिनिश या क्रमाने. कडांवर घासू नका, तिथे थर सगळ्यात पातळ असतो.

चिकटपट्टी
+१ रंगारीणताई, वाचनखूण साठवली. एक भर: इनॅमलवर (हळू वाळणाऱ्या तेलकट रंगावर) लॅकर मारू नका, खालचा थर फाटतो. लॅकरवर इनॅमल चालतं. पण पॅनल लाइनचं (भागांमधल्या खाचा गडद करायचं) इनॅमल उघड्या प्लास्टिकवर ओतू नका. सस्पेन्शनचे हात ताणून बसवलेले असतात, इनॅमलचा थिनर शिरला की तिथेच कडकन तुटतात.

तिरकी_रेघ
@लाल_दिवा, फ्लुओरेसंट कशाला? जुन्या रेकॉर्डिंगमध्ये ती गाडी सरळ केशरट दिसते.

लाल_दिवा
कॅमेऱ्याला फ्लुओरेसंट रंग झेपत नाही म्हणून केशरट दिसते. बाकी सेन्नाची (तिच्या ड्रायव्हरची) गाडी चुकीच्या रंगात करायची असेल तर करा बापडे.

तिरकी_रेघ
सेन्नाचीच का? १९८८ ला एकूण गुण त्याच संघातल्या प्रोस्टचे जास्त होते, १०५ विरुद्ध ९४. सर्वोत्तम अकरा निकालच धरायचे या नियमामुळे ९०-८७ ने सेन्ना चॅम्पियन झाला.

लाल_दिवा
आठ विजय विरुद्ध सात. नियम दोघांनाही आधीच माहीत होता.

चिकटपट्टी
झालं धाग्याचं काश्मीर.

सोनेरी_काठ
लोटस ७९ घ्या. काळ्यावर सोनेरी रेघा, यापुढे बाकी सगळं फिकं. टीएस-१४ काळा सोपा जातो, खाली पांढरं लागत नाही. खरी कसोटी रेघांची. लांब बारीक सोनेरी डिकल पाण्यातून काढलं की वळतं. एका वेळी एकच कापा, पृष्ठभाग आधी ओला करा आणि एका टोकापासून ओल्या ब्रशने सरळ करत न्या. सॉफ्टनर रेघ सरळ झाल्यावरच. त्याने डिकल मऊ पडतं आणि मग हलवलं तर ताणून तुटतं.

चिकटपट्टी
काळ्यावर धूळ दिसते ती सांगा की. फवारण्याआधी बाल्कनीची फरशी ओली करा आणि लोकरीचे कपडे घालू नका. रंगवल्यावर भाग झाकणाच्या डब्यात.

दमट_हवा
ठाण्यात पावसाळ्यात लॅकर? विसरा. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंग दुधाळ पडतो. काळ्यावर तर लगेच दिसतं. दुपारी, पाऊस उघडल्यावर किंवा एसीच्या खोलीत तासभर ठेवलेल्या भागांवर मारा. दुधाळ झालंच तर कोरड्या दिवशी त्याच क्लिअरचा हलका ओला हात दिला की बहुतेक वेळा उतरतं. मास्क ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा हवा, कापडी किंवा एन९५ नाही. तो धूळ अडवतो, वाफ नाही. डिकल्सही सिलिका जेलसोबत झिप पिशवीत ठेवा.

बारा_इंची
१/२० म्हणजे खेळणं. मॉडेल फॅक्टरी हिरोचं १/१२ घ्या. व्हाइट मेटल, रेझिन, फोटोएच (धातूचे पातळ कोरीव पत्रे), अस्सल नट-बोल्टसारखे तुकडे. माझ्या कपाटात दोन आहेत.

शिकाऊ_रेसर
किंमत?

बारा_इंची
विचारू नये अशी. आणि कस्टम्स वेगळं. पण काय गाडी आहे!

रंगारीण
त्या कपाटातली दोन्ही अजून डब्यातच आहेत ना? :)

वाइंडिंगवाला
कोणतंही घेतलंत तरी इंजिनाला वायर लावा, तेवढ्याने मॉडेल बदलतं. हिशोब साधा: खरी प्लग वायर साधारण ७ मिमी जाड, १/२० मध्ये ०.३५. छोट्या पाकिटातली वायर मागवू नका. कोपऱ्यावरच्या मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे २८ गेज वाइंडिंगची तार (०.३७ मिमी) मिळते, आयुष्यभर पुरेल. काळा रंग द्यायचा आणि वळवायची. पिन व्हाइसने (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने) ०.४ मिमीचं भोक दोन मिमी खोल, तार आत, टोकाला सुपरग्लूचा एक थेंब. कॉसवर्थ डीएफव्ही (लोटस, टिरेल दोन्हीत तेच) म्हणजे व्ही८, प्रत्येक बँकवर (सिलिंडरच्या एका बाजूच्या रांगेवर) चार वायर. ब्लॉकला एक्सएफ-१६ फ्लॅट अ‍ॅल्युमिनियम, त्यावर काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग), आणि एक्झॉस्ट त्यापेक्षा गडद. सगळं इंजिन एकाच चंदेरीत रंगवलं की प्लास्टिक ते प्लास्टिकच दिसतं.

काचेला सुपरग्लू अजिबात नको, पांढरी वाफ बसते. साधं फेविकॉल लावा, वाळल्यावर दिसत नाही. आणि हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर प्लास्टिकवर नको, विरघळतं.

सोनेरी_काठ
+१ फेविकॉल. आणि लोटस.

लाल_दिवा
एमपी४/४. टिरेल सोडून काहीही घ्या. पुढे चार चाकं, दुप्पट सस्पेन्शन, दुप्पट डोकेदुखी. पहिल्या किटला तर नकोच.

शिकाऊ_रेसर
सर्वांचे आभार. टिरेल पी३४ मागवली.

कारणं: फ्लुओरेसंट नाही, तंबाखूची डिकल्स वेगळी घ्यायची नाहीत, आणि डीएफव्ही मागे उघडंच आहे म्हणजे वाइंडिंगवाल्यांची तार सतत दिसेल. निळा रंग एकच. पांढरा प्रायमर, निळा, सेमीग्लॉस काळा आणि क्लिअर असे चार कॅन धरूनही बजेटमध्ये बसतंय. कॅन विमानाने पाठवत नाहीत म्हणून शहरातल्याच दुकानातून घेतले. काका, कॉम्प्रेसर नाही.

लाल_दिवा
एकच शर्यत जिंकलेली गाडी. शुभेच्छा.

तिरकी_रेघ
१९७६, स्वीडन. पहिला आणि दुसरा दोन्ही नंबर टिरेलचेच, शेक्टर आणि देपाये. लोटस ७९ ला ते जमलं म्हणून कौतुक आणि हिला जमलं तर टोमणे?

रंगारीण
चांगली निवड. पांढऱ्या प्रायमरवर निळा उजळ येतो, करड्यावर खोल, त्यामुळे आधी चमच्यावर दोन्ही मारून बघा. सहा चाकं जमिनीला टेकवणं हे या किटमधलं खरं काम. पुढचं सस्पेन्शन चिकटवताना एक्स्ट्रा थिन (पाण्यासारखा पातळ गोंद) नको, तो क्षणात धरतो. दाट सिमेंट लावा म्हणजे दहा-एक मिनिटं हलवता येतं. चाकं तात्पुरती बसवून गाडी काचेच्या तुकड्यावर ठेवा, कागदाची पट्टी एकेका टायरखाली सरकवून बघा. जिथे सहज जाते तो हात किंचित खाली दाबा आणि वर हलकं वजन ठेवून रात्रभर सोडा. सुकाणूच्या दांड्यांना सिमेंट लागू देऊ नका, नाहीतर पुढची चारही चाकं एकदम वळणार नाहीत.

वाइंडिंगवाला
आणि टायर बसवण्याआधी मधली साच्याची रेघ काढा. टायर रिमवर चढवून ४०० च्या कागदावर फिरवत घासायचे. चकाकी गेली की चाललेले दिसतात. पुढचे चार लहान आहेत, बोटांत धरता येत नाहीत, पेन्सिलवर टेप गुंडाळून त्यावर घट्ट बसवा.